हँडल जड झालं की

मे २०२५च्या अखेरीस बारामती-इंदापुरात मान्सूनआधीच धो धो पाऊस कोसळला, नीरा डावा कालवा फुटला आणि एनडीआरएफच्या तुकड्या बोलवाव्या लागल्या. त्यांच्या रबरी बोटीमागे लटकणाऱ्या मोटरला जवान ‘ओबीएम’ म्हणतात, म्हणजे आउटबोर्ड मोटर. संपादकांनी तिच्यावर लेख मागितला. मी मात्र तिच्यातल्या एका उभ्या नळीपाशीच रेंगाळलो.

इतिहास थोडक्यात असा. नॉर्वेत जन्मलेल्या ओले एव्हिनरूडने १९०९ साली अमेरिकेत दीड अश्वशक्तीची मोटर विकायला काढली आणि ती मोठ्या प्रमाणावर खपली. इंजिन वर, पंखा पाण्यात आणि सगळं धूड होडीच्या पाठीला शिकंज्याने आवळलेलं, ही मांडणी आजही तीच आहे.

या होडीला वेगळं सुकाणू नसतं. हँडल ढकललं की अख्खी मोटरच त्या उभ्या नळीत डावी-उजवी वळते आणि पंख्याचा रेटा ज्या दिशेला, त्यावर होडीचं तोंड ठरतं. म्हणून हँडल जड होणं ही बारीकसारीक तक्रार नव्हे.

भिगवणकडच्या ज्या मेस्त्रीकडे मी बसलो होतो, त्याचं रोजचं काम पाण्याचे पंप आणि तीनचाकी रिक्षा. मोटर आली की तो आधी पान्याला हात लावत नाही, हँडलजवळचा घट्टपणाचा स्क्रू बघतो. हात सोडला तरी मोटर भरकटू नये म्हणून तो दिलेला असतो. कुणीतरी तो आवळून विसरलेलं असतं आणि तेवढ्यावरच काम भागतं. मोठ्या बोटीला गाडीसारखं चाक असेल, तर तो चाकाच्या केबलचा दांडा मोटरपासून सोडवतो आणि मोटर नुसत्या हाताने ढकलतो. मोटर सहज फिरली तर दोष केबलचा, अडली तर नळीचा. ही साधी परीक्षा न करता लोक नवी केबल आणतात आणि पैसे वाया जातात. मला त्याची ही शिस्त फार आवडली.

नळी ॲल्युमिनियमच्या ओतीव भागात, तिच्यातून जाणारा कणा पोलादाचा, मध्ये बुश आणि ग्रीस. ग्रीस वाळलं, त्यात पाणी आणि गाळ शिरला की दोन धातूंमध्ये पांढरी भुकटी धरते आणि नळी कण्याला आवळू लागते. मेस्त्री निप्पलला ग्रीसगन लावतो. ग्रीस आत जाईना तर निप्पल काढून भोक साफ करतो, गंज सोडवणारं तेल मुरू देतो, हँडल थोडं थोडं हलवत राहतो. आधी काळं, मग राखाडी, शेवटी स्वच्छ ग्रीस नळीच्या टोकांतून बाहेर येईपर्यंत गन थांबत नाही. ग्रीस मात्र पाण्यात न धुपणारं मरिन जातीचंच हवं. केबलच्या दांड्याला ग्रीस भरताना दांडा पूर्ण आत ओढलेला पाहिजे. बाहेर असताना भरलं, तर आत कोंडलेलं ग्रीसच त्याला अडवतं आणि स्टिअरिंग जागच्या जागी जाम होतं.

काळजी वाटते ती उजनी धरणावरच्या होड्यांची. १९८०मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाची क्षमता सुमारे ११७ टीएमसी, पण उन्हाळ्यात साठा ‘मायनस’मध्ये जातो, काठ दूर सरकतात आणि होड्या कोरड्यावर पडतात. पडून राहिलेली मोटरच जास्त आखडते. त्यात पुण्याकडून येणारं घाण पाणी, गाळ, जलपर्णी. आणि वळिवाचा वारा नेमका याच दिवसांत सुटतो. २१ मे २०२४ला कुगावहून कळाशीला निघालेली बोट अशाच वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जीव गेले. तिथे दोष वाऱ्याचा होता. पण तशा लाटांत तोंड वळवायला दोन हात लावावे लागणारी मोटर घेऊन कुणी निघावं, ही कल्पनाच मला सोसत नाही. जडपणा हळूहळू वाढतो, हाताला सवय होते, चालवणाऱ्याला तो जाणवतही नाही.

नळी पुरती धरली असेल, तर गरम करून सोडवताना सील जळतात, ठोकाठोकीत ॲल्युमिनियम तडकतं. मग सगळा ब्रॅकेटच बदलावा लागतो. पाण्याबाहेर इंजिन चालवून बघायचीही सोय नाही, थंडाव्याच्या पाण्याविना पंपातला रबरी पंखा जळतो. हँडल मात्र इंजिन सुरू न करता, चिखलात उभं राहूनही दोन्ही टोकांपर्यंत फिरवून बघता येतं.