उलार

भंडारा जिल्ह्यातील कोणत्याही शेतकऱ्यास ‘बंडी उलार झाली’ एवढे सांगितले, की त्यास पुढचे काही समजावून द्यावे लागत नाही. मागल्या अंगास भार अधिक झाला म्हणजे धुरा वर उचलला जातो, जू बैलांच्या मानेवरून सुटू पाहते आणि बंडी वळवणे हे हाकणाऱ्याच्या हाती न राहता दैवाच्या हाती जाते. उलट भार पुढे सरकला, तर तेच जू मानेत रुतते आणि बैल पावलापावलाला अडखळू लागतो. या दोन अवस्थांच्या मध्ये जो बारीकसा समतोल असतो, तो साधण्यासाठी धानाचे कट्टे वीतभर पुढे अथवा मागे सरकवणे ही क्रिया येथील मुले चालू लागण्याच्या वयापासून पाहत आलेली असतात. मोटारसायकलीचे शॉकअप आणि तिची उंची धावमार्गासाठी कशी जुळवतात, याचा परिचय करून देताना मी या ग्रामीण शब्दापासून आरंभ करतो, कारण जी गोष्ट सांगावयाची आहे तिला याहून नेमका शब्द मला सापडलेला नाही.

हौशी दुचाकीस्वार ज्यास ‘ट्रॅक डे’ म्हणतात, तो शर्यतीचा दिवस नव्हे. तेथे बक्षीस नसते. ठराविक शुल्क भरून, अंगावर चामड्याचा पोशाख चढवून, रहदारी नसलेल्या बंदिस्त मार्गावर आपले वाहन आणि आपले धैर्य यांची परीक्षा घेण्याची ती एक मुभा असते. असे कायमस्वरूपी मार्ग आपल्या देशात बोटांवर मोजण्याइतके. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथला १९९० सालचा मार्ग सुमारे ३.७ किलोमीटरांचा आहे. कोइमतूरजवळ कारी मोटर स्पीडवे आहे. आणि ग्रेटर नोएडा येथला ५.१२५ किलोमीटरांचा बुद्ध मार्ग, जेथे सप्टेंबर २०२३ मध्ये मोटोजीपीची जागतिक शर्यत झाली, तो तर सर्वांत प्रसिद्ध. भंडाऱ्याहून यांपैकी कोणताही मार्ग सहज जाऊन येण्याजोगा नाही. परंतु ज्या जिल्ह्यात शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यती, भरतो, त्या जिल्ह्यास शर्यतीची रीत बाहेरून शिकावी लागते असे कोणी समजू नये. सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०१४ मधील निकालाने पट बंद पडले, डिसेंबर २०२१ मध्ये त्यांना सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा दुरुस्ती कायदा वैध ठरवला; या मधल्या वर्षांत पट थांबले, तरी हलक्या छकड्यावर धुरकऱ्याने कोठे आणि कसे वजन टाकावे याची चर्चा चावडीवर थांबली असेल, असे मला वाटत नाही.

आता यंत्राकडे वळू. नित्याच्या वापराची मोटारसायकल ही एक तडजोड असते. तिच्यावर सकाळी एकटा शिक्षक बसतो, दुपारी नवरा-बायको आणि मूल, आणि सुगीत मागल्या बैठकीवर चाळीस किलोंचा धानाचा कट्टा आडवा पडतो. या सर्वांची सोय एकाच स्प्रिंगने करावयाची म्हणून कारखानदाराने मागल्या शॉकअपच्या तळाशी पायऱ्यापायऱ्यांची एक कॉलर ठेवलेली असते. ती फिरवली की स्प्रिंग आधीच थोडी दाबली जाते. बहुतेक गाड्यांवर अशा पाच-सहा खाचा असतात आणि बहुतेक मालकांनी त्या गाडी घेतल्यापासून पाहिलेल्या नसतात. पुढच्या चाकाचा फोर्क तर सामान्य गाडीवर असा बाहेरून कॉलर फिरवून जुळवता येत नाही. एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या आणि त्यांतले तेल ही रचना तशी जुनी, बीएमडब्ल्यूने १९३५ मध्ये आर-१२ या गाडीवर बाजारात आणलेली. तिचे मर्म आजही तेच आहे: स्प्रिंगने धक्का साठवावा आणि तेलाने तो बारीक छिद्रांतून जाता जाता उष्णतेत खर्ची घालावा.

येथे एका सार्वत्रिक गैरसमजाची दखल घेणे प्राप्त आहे. कॉलर पिळली म्हणजे शॉकअप ‘टाइट’ होतो, असे गावोगावचे मिस्त्री छातीठोकपणे सांगतात, आणि मीही कित्येक वर्षे ते वेदवाक्य मानत होतो. एकदा अशाच एका मिस्त्रीने माझ्या गाडीची कॉलर शेवटच्या खाचेवर नेऊन ठेवली. परतीच्या वाटेवर पुलाच्या सांध्यावर मागले चाक असे उसळले की बैठकीशी माझा संबंध क्षणभर तुटला. वास्तविक स्प्रिंगचा ताठरपणा तिच्या तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास आणि वेढ्यांची संख्या यांनी ठरतो. कॉलरीने त्यात तिळमात्र फेरफार होत नाही. दहा किलो वजन वाढले तर स्प्रिंग जेवढी आधी दबत असे, तेवढीच कॉलर पिळल्यावरही दबते. बदलते ती केवळ गाडीच्या बसण्याची पातळी. कॉलर पिळल्याने मागला भाग उंच होतो आणि चाकास खाली झुकण्यास उरलेली जागा आटते, म्हणून खड्ड्यावरून जाताना चाक जमिनीस धरून न राहता उचलले जाते. जो कडकपणा भासतो तो यातूनच येतो.

धावमार्गावर जाणारा जाणकार म्हणून प्रथम कॉलर पिळत नाही, तो पैमाइश करतो. या पैमाइशीस तीन माणसे लागतात: एक गाडीवर बसणारा, एक गाडी सरळ धरणारा आणि एक मोजपट्टी घेऊन उकिडवा बसणारा. प्रथम मागले चाक अधांतरी ठेवून आसापासून वरच्या एका ठरलेल्या खुणेपर्यंतचे अंतर घ्यावयाचे. मग गाडी स्वतःच्या भाराने उभी असताना तेच अंतर. आणि शेवटी स्वार शिरस्त्राण, बूट, चामडी अंगरखा अशा पूर्ण जामानिम्यानिशी, पाय पायदानावर ठेवून बसला असता पुन्हा तेच. नळ्यांतील घर्षण मोजमापात खोट आणते, म्हणून चोखंदळ माणसे गाडी एकदा हळूच उचलून आणि एकदा हळूच दाबून सोडतात व दोन्ही आकड्यांची सरासरी धरतात. पहिल्या आणि तिसऱ्या आकड्यांतील अंतर म्हणजे स्वाराचा ‘सॅग’, म्हणजे त्याच्या भाराने गाडी किती बसली ते. धावमार्गासाठी हा बहुधा पुढे ३० ते ३५ आणि मागे २५ ते ३५ मिलिमीटरांच्या दरम्यान राखतात.

या हिशेबातील सर्वांत मनोरंजक कलम मात्र मधल्या आकड्याचे आहे. समजा, कॉलर फिरवून स्वाराचा आकडा बरोबर तीसवर आणला, पण स्वार उतरल्यावर गाडी स्वतःच्या भाराने मुळीच बसत नाही. सामान्य बुद्धी म्हणेल, स्प्रिंग फार ताठ आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट: स्प्रिंग नरम आहे, तिला आवळून आवळून त्या पातळीवर उभे केले आहे, आणि म्हणूनच गाडीचा एकटीचा भार तिला हलवू शकत नाही. मोकळी गाडीच अतोनात बसू लागली, तर स्प्रिंग गरजेपेक्षा ताठ समजावी. दोन्ही प्रसंगी कॉलरीचा उपाय संपला. त्या देहासाठी स्प्रिंगच दुसरी हवी. हे प्रथम कळले तेव्हा मला, खोट्या जमाखर्चातील शिल्लक तपासताना मुनिमाची चोरी सापडावी, तसा आनंद झाला होता.

पातळी ठरल्यावर मग उंची, आणि येथे बंडीचा शब्द परत येतो. वळणातून बाहेर पडताना स्वार वेग देतो, भार मागे सरकतो, मागला शॉकअप बसतो, पुढचे चाक हलके होते आणि गाडी आखलेली रेषा सोडून मार्गाच्या बाहेरच्या कडेकडे ओढली जाते. यासच आपण उलार म्हणतो. उपाय दोन. मागला भाग काही मिलिमीटर उचलावा. किंवा फोर्कच्या नळ्या ज्या आडव्या पकडीत बसतात, जीस मिस्त्री ‘टी’ म्हणतात, तिच्यातून त्या थोड्या वर सरकवून पुढचा भाग खाली आणावा. दोन्हींनी फोर्क अधिक उभा होतो आणि गाडी चटकन वळते. हे फरक किती सूक्ष्म असतात पाहा: चाकण येथे तयार झालेल्या पहिल्या केटीएम आरसी ३९० चे दोन आसांतील अंतर १३४० मिलिमीटर, तिचा मागला भाग १० मिलिमीटर उचलला, तर फोर्कचा कोन अर्ध्या अंशानेही बदलत नाही, तरी स्वारास गाडी दुसरीच वाटते. म्हणून नळ्या एका वेळी तीन-चार मिलिमीटरांहून अधिक सरकवू नयेत, दोन्ही बाजूंस सारख्या सरकवाव्यात, आणि नंतर फोर्क पूर्ण दबला असता चाकाचा पत्रा वर रेडिएटरास भिडत नाही ना, याची खात्री करून घ्यावी. लोभ धरला तर सरळ मार्गावर हँडल थरथरू लागते. भार मानेत रुतला, की बैल काय करतो ते वर आलेच आहे.

तेलाच्या छिद्रांचे प्रकरण याहून लांबवता येईल, परंतु त्यातले मुख्य एवढेच, की ज्या गाडीस बारीक टिकटिक वाजणारे स्क्रू आहेत, तेथे ते पूर्ण बंद करून, मग उघडताना ठोके मोजून नोंदवावेत. परतीचा वेग फार रोखला, तर एका उंचवट्यावर दबलेले चाक दुसरा येईपर्यंत परत येत नाही आणि गाडी क्रमाक्रमाने खाली खचत जाते; फार मोकळा सोडला, तर ती झुल्यासारखी हेलकावते. स्क्रू नसलेल्या गाडीत फोर्कमधील तेलाचा दाटपणा आणि त्याची पातळी बदलणे एवढेच हाती राहते. उन्हाने तेल पातळ होते; मे महिन्यातला भंडारा ज्याने भोगला आहे, त्यास सकाळचा हिशेब दुपारी का लागू पडत नाही हे वेगळे सांगणे नको.

या सर्व खटाटोपाचा मूळ पदार्थ म्हणजे पोलाद, आणि तेथे आमचा जिल्हा अगदीच परका नाही. भंडारा रोड स्थानकाजवळ वरठी येथे सनफ्लॅगचा पोलाद कारखाना मोटारउद्योगासाठी विशेष जातींचे पोलाद करतो, ज्यांत स्प्रिंगचे पोलादही आहे. गडेगावास अशोक लेलँडचा गिअरपेट्यांचा कारखाना १९८२ पासून आहे. आणि दुचाक्यांचे शॉकअप करणारी एन्ड्युरन्स ही कंपनी तिकडे मराठवाड्यात, वाळूजला. तारेची जाडी एक दशांशाने वाढली तर स्प्रिंगचा ताठरपणा जवळजवळ दीडपट होतो, कारण तो जाडीच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. म्हणजे भट्टीपासून गुंडाळीपर्यंत कोठेही झालेली केसाएवढी हयगय अखेर कोणाच्या तरी बैठकीखाली उघडकीस येते.

टायरांतील हवा आणि साखळीचा ढिलेपणा आधी तपासावा, एका फेरीत एकच बदल करावा आणि प्रत्येक बदल तारखेनिशी वहीत उतरवावा, हा दंडक न पाळणारा माणूस संध्याकाळपर्यंत स्वतःच्याच गाडीस अनोळखी होऊन बसतो. वहीच्या पहिल्या पानावर मूळचे आकडे हवेत: नळ्या ‘टी’च्या वर किती, स्क्रू किती ठोके, कॉलर कितव्या खाचेवर. कारण गाडी मालट्रकातून भंडाऱ्यास उतरते, तेव्हा ते पान उघडून एकेक आकडा मागे न्यावा लागतो. नळ्या आपल्या जागी येतात, स्क्रू उलटे मोजले जातात, आणि कॉलर चौथ्या खाचेवर. दुसऱ्या दिवशी धान खरेदी केंद्रावर जावयाचे असते, आणि कट्टा अंगणात बांधून तयार असतो.