व्यथित स्त्री आणि प्रभू येशूची करुणा : संत मरिया माग्दालेना हिच्या निमित्ताने

दरवर्षी २२ जुलै रोजी ख्रिस्तसभा संत मरिया माग्दालेना हिचा सण साजरा करते. आपल्यापैकी अनेकांच्या मनात या संतिणीची जी प्रतिमा आहे, ती एका पश्चात्तापदग्ध वेश्येची आहे. मोकळे सोडलेले केस, डोळ्यांत अश्रू आणि हाती सुगंधी तेलाची कुपी! चित्रे, नाटके आणि उपवासकाळातील प्रवचने यांमधून ही प्रतिमा पिढ्यान्‌पिढ्या आपल्यापर्यंत आली. परंतु शुभवर्तमान उघडून वाचले असता असे आढळते की, मरिया माग्दालेना ही वेश्या होती असे चार शुभवर्तमानकारांपैकी एकानेही लिहिलेले नाही. संत लूक तिच्या पूर्वायुष्याविषयी एवढेच सांगतो की, तिच्यातून सात भुते निघाली होती (लूक ८:२). पापक्षमा मिळालेली म्हणून नव्हे, तर प्रभूने बरी केलेली स्त्री म्हणून ती आपल्यासमोर येते.

हा भेद केवळ पंडितांच्या चर्चेचा विषय आहे असे कोणी समजू नये. दुःख भोगणारी स्त्री आणि पाप केलेली स्त्री या दोघींची गल्लत आजही आपल्या घरांत, आळीत आणि धर्मग्रामात होत असते आणि तिची किंमत आपल्या माता-भगिनी मोजत असतात. म्हणूनच प्रभू येशूने व्यथित स्त्रियांना नेमके काय दिले आणि आज ख्रिस्तसभा त्यांना काय देऊ शकते, याचा विचार आम्ही या लेखात करू इच्छितो.

तीन स्त्रिया आणि एक नाव

शुभवर्तमानात तीन वेगवेगळ्या स्त्रिया आढळतात. पहिली म्हणजे शिमोन परूश्याच्या घरी येऊन प्रभूचे चरण अश्रूंनी भिजवणारी पापी स्त्री. संत लूकने तिचे नाव दिलेले नाही (लूक ७:३६-५०). दुसरी म्हणजे मार्था आणि लाजरस यांची बहीण, बेथानीची मरिया. तिनेही प्रभूच्या चरणांना सुगंधी तेल लावले (योहान १२:१-८). तिसरी म्हणजे गालील प्रांतातील मग्दाला या गावची मरिया. इ. स. ५९१ च्या सुमारास थोर संत पोप ग्रेगरी यांनी रोम येथे दिलेल्या प्रवचनात या तिघी एकच असल्याचे प्रतिपादन केले आणि सात भुते म्हणजे सर्व दुर्गुण होत, असा अर्थ लावला. त्यांचा हेतू दयाळूपणाचा होता. युद्ध आणि रोगराई यांनी गांजलेल्या लोकांना त्यांना हे सांगायचे होते की, कितीही मोठा पापी असला तरी त्याला देवाच्या दयेचे दार उघडे आहे. परंतु त्या प्रवचनाचा परिणाम असा झाला की, पश्चिमेकडील ख्रिस्तसभेत एका रोगमुक्त स्त्रीची व्यथा हेच तिचे पाप ठरले. पूर्वेकडील ख्रिस्तसभांनी मात्र या स्त्रियांना वेगवेगळेच मानले.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर १९६९ साली उपासनेच्या दिनदर्शिकेत सुधारणा झाली, तेव्हा ही गल्लत दूर करण्यात आली. २२ जुलैच्या मिस्सात पूर्वी शिमोनाच्या घरातील पापी स्त्रीचे शुभवर्तमान वाचले जात असे. त्याऐवजी पुनरुत्थित प्रभू आणि मरिया यांच्या भेटीचे वाचन आले (योहान २०). पुढे ३ जून २०१६ रोजी पोप फ्रान्सिस यांच्या इच्छेनुसार निघालेल्या आदेशाने तिच्या स्मरणदिनाला सणाचा दर्जा मिळाला. प्रेषितांच्या स्मरणार्थ जे सण होतात, तोच हा दर्जा. प्रभू उठला आहे ही वार्ता प्रेषितांना प्रथम तिने सांगितली, म्हणून प्राचीन काळापासून तिला ‘प्रेषितांची प्रेषिता’ असे म्हटले गेले आहे.

कोणाला आरोग्य, कोणाला क्षमा, कोणाला मान

प्रभू येशूने भेटलेल्या प्रत्येक स्त्रीला एकाच मापाने मोजले नाही. प्रत्येकीची गरज त्याने वेगळी ओळखली.

सभास्थानात अठरा वर्षे कंबरेत वाकलेली एक स्त्री होती (लूक १३:१०-१७). तिने काही मागितले नव्हते. प्रभूने स्वतः तिला बोलावले, तिच्यावर हात ठेवले आणि ती सरळ उभी राहिली. तिच्या पापाचा उल्लेखही त्याने केला नाही. शब्बाथ दिवशी हे कशाला, अशी सभास्थानाच्या अधिकाऱ्याने तक्रार केली, तेव्हा प्रभूने तिला अब्राहामाची कन्या म्हणून गौरविले. बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेल्या स्त्रीची कथाही अशीच आहे (मार्क ५:२५-३४). वैद्यांपायी तिचे सारे धन संपले होते. नियमशास्त्राप्रमाणे ती अशुद्ध मानली जात होती आणि तिच्या स्पर्शानेही विटाळ होई. ती गर्दीत लपून आली. प्रभूने तिला लपून जाऊ दिले नाही. सर्वांसमोर त्याने तिला कन्या म्हणून संबोधिले आणि तिच्या विश्वासाची प्रशंसा केली. शरीराचे दुखणे तर गेलेच, पण बारा वर्षांची लाजही गेली.

याउलट शिमोनाच्या घरी आलेल्या स्त्रीची गरज क्षमेची होती. तिची पापे पुष्कळ आहेत हे प्रभूने नाकारले नाही. त्याने ती क्षमा केली आणि तिला शांतीने जाण्यास सांगितले. व्यभिचारात धरलेल्या स्त्रीलाही त्याने यापुढे पाप न करण्याची आज्ञा दिली (योहान ८:१-११). मात्र त्याआधी हातात दगड घेतलेल्या पुरुषांना त्याने त्यांच्या स्वतःच्या अंतःकरणात डोकावण्यास लावले. तिच्याबरोबर जो पुरुष होता त्याला कोणीही धरून आणले नव्हते, ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

शमरोनी स्त्रीचे उदाहरण सर्वांत बोलके आहे (योहान ४). तिचे पाच पती झाले होते आणि आता ती ज्याच्याजवळ राहत होती तो तिचा पती नव्हता. यावरून आपण तिला सर्रास दुराचारी ठरवतो. परंतु पाचांपैकी किती वारले आणि कितींनी तिला टाकून दिले, हे वचनात सांगितलेले नाही. प्रभूने तिची परिस्थिती तिला स्पष्ट सांगितली, पण दोषारोपाचा एकही शब्द उच्चारला नाही. त्याने तिच्याकडे पाणी मागितले आणि खऱ्या उपासनेविषयीचे गहन ज्ञान तिला दिले. तिची गरज मानाची होती. तो मान मिळताच ती आपल्या गावाची सुवार्तिक झाली.

आरोग्य, क्षमा आणि मान ही तिन्ही तारणाचीच अंगे आहेत. परंतु ज्या स्त्रीला आरोग्य हवे तिला पश्चात्तापाचा उपदेश करणे, हा तिच्यावर दुसरा घाव आहे. आणि जिला खरोखर क्षमा हवी तिला ‘तुझे काही चुकलेच नाही’ असे सांगणे, ही तिची फसवणूक आहे.

गल्लतीची किंमत

ही गल्लत किती महाग पडू शकते हे आयर्लंडच्या इतिहासाने दाखविले आहे. मरिया माग्दालेनाच्याच नावाने तेथे ‘माग्दालेन’ आश्रम चालत आणि त्यांना जोडून कपडे धुण्याचे मोठे कारखाने होते. अविवाहित माता, अनाथ मुली, अत्याचाराला बळी पडलेल्या मुली आणि घरच्यांना नकोशा झालेल्या स्त्रिया यांना तेथे प्रायश्चित्ताच्या नावाखाली ठेवून विनावेतन काम करवून घेतले जाई. १९२२ पासून शेवटचा आश्रम बंद झाला त्या १९९६ सालापर्यंत सुमारे १०,००० स्त्रिया या आश्रमांतून गेल्या, असे शासकीय चौकशीच्या २०१३ च्या अहवालात नमूद आहे. त्याच वर्षी १९ फेब्रुवारी रोजी तेथील पंतप्रधानांनी संसदेत या स्त्रियांची क्षमा मागितली. हे आश्रम धर्मभगिनी चालवीत होत्या, ही आपल्या ख्रिस्तसभेसाठी वेदनेची गोष्ट आहे. ज्यांच्यावर अन्याय झाला होता त्यांच्याकडूनच प्रायश्चित्त घेतले गेले.

त्याआधीच, १९ व्या शतकात, इंग्लंडमधील अशाच प्रकारच्या एका आश्रमाने मात्र आपल्या महाराष्ट्राला वेगळी प्रेरणा दिली. १८८३ साली इंग्लंडला गेलेल्या पंडिता रमाबाई यांनी लंडनजवळील फुलहॅम येथे अँग्लिकन धर्मभगिनींचे काम पाहिले. समाजाने टाकलेल्या स्त्रियांची त्या प्रेमाने सेवा करीत होत्या. हे प्रेम कोठून येते, असे रमाबाईंनी विचारले असता एका भगिनीने त्यांना शमरोनी स्त्रीची कथा ऐकविली. स्त्रीला तुच्छ न लेखणारा हा तारणारा रमाबाईंच्या हृदयाला भिडला, हे त्यांनी आपल्या आत्मकथनात लिहून ठेवले आहे. पुढे पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे त्यांनी मुक्ती मिशन उभारले. दुष्काळात निराधार झालेल्या मुली आणि विधवा यांना तेथे आसरा मिळालाच, शिवाय शिक्षण व हाताला कामही मिळाले. वासनेला बळी पडलेल्या स्त्रियांसाठी त्यांनी जे घर काढले त्याचे नाव ‘कृपासदन’ असे ठेवले. रमाबाई कॅथोलिक नव्हत्या, तरी त्या नावातील शिकवण आपणही घ्यावी अशीच आहे.

आज आपल्या धर्मग्रामात

आज आपल्या धर्मग्रामातील व्यथित भगिनींना ख्रिस्तसभा काय देऊ शकते? आम्ही तीन गोष्टींकडे लक्ष वेधू इच्छितो.

पहिली गोष्ट मानसिक आजाराची. बाळंतपणानंतर उदास झालेली माता, रात्र-रात्र झोप न येणारी विधवा किंवा कानी आवाज ऐकू येणारी तरुणी घरात असली की, तिला ‘बाधा’ झाली आहे असे म्हणून प्रार्थनांच्या ठिकाणी फिरविले जाते. ख्रिस्तसभेच्या धर्मशिकवणीत (क्र. १६७३) स्पष्ट म्हटले आहे की, मानसिक आजार ही वेगळी बाब असून तिचा उपचार हे वैद्यकशास्त्राचे काम आहे. भूत काढण्याचा विधी धर्मप्रांताच्या बिशपांच्या खास परवानगीवाचून कोणीही करू शकत नाही. सिराक ग्रंथाच्या ३८ व्या अध्यायात आजाऱ्याने प्रार्थना करावी आणि वैद्यालाही स्थान द्यावे, असे दोन्ही सांगितले आहे. तेव्हा प्रार्थना अवश्य करावी, गंभीर आजारात रुग्णाभिषेक संस्कारही घ्यावा, परंतु डॉक्टरांची गोळी बंद करण्यास कोणी सांगत असेल तर ते ऐकू नये. केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही मानसिक आरोग्य सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

दुसरी गोष्ट घरातील मारहाणीची. नवऱ्याचा मार खाणारी स्त्री अनेकदा ‘मी उलट बोलले’ हेच पाप म्हणून पापनिवेदनात सांगते. सोसणे हाच तिचा क्रूस आहे, असा सल्लाही तिला मिळतो. परंतु क्रूस प्रभूने स्वेच्छेने स्वीकारला होता. दुसऱ्याने केलेल्या अत्याचाराला क्रूस म्हणणे योग्य नव्हे. ख्रिस्तसभेच्या कायद्यानुसार (कलम ११५३) जोडीदारामुळे स्वतःच्या किंवा मुलांच्या शरीराला वा मनाला गंभीर धोका असेल तर विभक्त राहण्यास न्याय्य कारण असते आणि विलंबात धोका असेल तर ती स्त्री स्वतःच्या अधिकाराने घराबाहेर पडू शकते. पोप फ्रान्सिस यांनीही २०१६ च्या ‘आमोरिस लेतित्सिया’ या पत्रात (क्र. २४१) म्हटले आहे की, अशा प्रसंगी विभक्त होणे कधीकधी नैतिकदृष्ट्या आवश्यक ठरते. असे विभक्त राहणे म्हणजे विवाहबंधन मोडणे नव्हे आणि केवळ त्यामुळे तिला परमप्रसाद घेण्यास प्रतिबंध होत नाही. देशाच्या कायद्यानेही तिला संरक्षण दिले आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा तिच्या बाजूने उभा आहे आणि १८१ या महिला मदतवाहिनीवर तिला साहाय्य मागता येते.

तिसरी गोष्ट खऱ्या अपराधाच्या ओझ्याची. गर्भपात केलेली स्त्री कधी दडपणाखाली, कधी एकाकीपणात तो निर्णय घेते आणि पुढे वर्षानुवर्षे ते शल्य मनात बाळगते. आपल्याला क्षमा मिळणारच नाही, अशी तिची समजूत असते. ख्रिस्तसभा गर्भपाताला गंभीर पापच मानते. परंतु पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ च्या ‘एव्हान्जेलियुम वीते’ या पत्रात (क्र. ९९) अशा स्त्रियांना निराश न होण्याचे आवाहन केले. दयेच्या वर्षाच्या समाप्तीनंतर २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी या पापाची क्षमा करण्याचा अधिकार सर्व धर्मगुरूंना कायमस्वरूपी दिला. म्हणजेच तिने बिशपांकडे जाण्याची गरज नाही. आपल्या किंवा शेजारच्या धर्मग्रामातील धर्मगुरूंसमोर ती पापनिवेदन करू शकते आणि ते गुपित राखण्यास धर्मगुरू पूर्णपणे बांधलेले असतात.

या तिन्ही भगिनी रविवारी आपल्याच शेजारी मिस्साला बसलेल्या असू शकतात. त्यांची ओळख आपल्याला पटत नाही, कारण त्या बोलत नाहीत. आणि त्या बोलत नाहीत, कारण आपण काय म्हणू याची त्यांना भीती असते. महिला मंडळे, लहान ख्रिस्ती समूह आणि धर्मभगिनी यांनी प्रथम एवढेच करावे की, अशा भगिनीचे म्हणणे पूर्ण ऐकून घ्यावे, ते गावभर करू नये आणि तिला हवे आहे ते आरोग्य, क्षमा की मान, हे तिच्याकडूनच समजून घ्यावे. त्यानंतर तिला डॉक्टरांकडे, वकिलाकडे किंवा धर्मगुरूंकडे एकटी न पाठविता तिच्याबरोबर जावे.

बरी झालेली मरिया माग्दालेना घरी बसली नाही. योहान्ना, सुसान्ना आणि इतर स्त्रियांबरोबर ती प्रभूच्या मागे चालली आणि आपल्या द्रव्याने तिने त्याची व शिष्यांची सेवा केली. शिष्य पळून गेले तेव्हा ती क्रूसाजवळ उभी होती. कबरेपाशी ती रडत असताना उठलेल्या प्रभूने तिला तिच्या नावाने हाक मारली आणि बंधूंकडे धाडले. आपल्या धर्मग्रामातील प्रत्येक व्यथित भगिनीला आपण तिच्या व्यथेच्या नावाने नव्हे, तर तिच्या स्वतःच्या नावाने हाक मारावी, हीच या संतिणीच्या सणाची खरी पूर्वतयारी होय.