कंटेनरसाठी सर्व्हरलेस व्यवस्थेची निवड

मध्य प्रदेशाचे उच्च न्यायालय जबलपूर येथे आहे. तेथील नेपियर टाउन वस्तीत एखाद्या वकिलाचे कार्यालय आहे अशी कल्पना करावी. दुसऱ्या दिवशीच्या सुनावण्यांची यादी प्रसिद्ध होताच तिच्यातून आपल्या पक्षकारांची प्रकरणे निवडून त्यांना संदेश धाडणारी एक आज्ञावली या कार्यालयापाशी आहे. तिचे काम रोज काही मिनिटांचेच. तेवढ्यासाठी चोवीस तास सर्व्हरचे भाडे भरणे म्हणजे घटकाभराच्या पाहुण्यासाठी वर्षभर वाडा राखण्यासारखे होय.

सर्व्हरलेस पद्धत याच अडचणीतून निघाली. नाव मात्र फसवे आहे. सर्व्हर असतोच, त्याची देखभाल पुरवठादार करतो आणि आज्ञावली जितका वेळ चालेल तितक्याचेच मोल घेतो. ॲमेझॉनने 'लॅम्डा' ही सेवा २०१४ मध्ये जाहीर केली. त्याच्या आदल्याच वर्षी 'डॉकर' पुढे आले आणि कंटेनरचा प्रसार झपाट्याने होऊ लागला. आज्ञावली व तिला लागणारे सर्व साहित्य एकत्र बांधलेले बिऱ्हाड म्हणजे कंटेनर. ते कोणत्याही सर्व्हरवर उतरवावे आणि संसार थाटावा.

हे बिऱ्हाड सर्व्हरलेस व्यवस्थेत जसेच्या तसे उतरते काय, हा निवडीतील खरा प्रश्न आहे. 'कंटेनर चालतो' एवढ्या शब्दांवर विसंबू नये. लॅम्डा डिसेंबर २०२० पासून दहा गिगाबाइटपर्यंतचा कंटेनर स्वीकारते. परंतु आतील आज्ञावलीने काम मागून घेण्याची लॅम्डाची ठराविक रीत पाळावी लागते, किंवा मध्ये जोडसाधन बसवावे लागते. गूगलच्या 'क्लाउड रन'ची (२०१९) अपेक्षा साधी आहे: नेमून दिलेल्या पोर्टवर आलेल्या वेबविनंतीला कंटेनरने उत्तर द्यावे. २०१८ मध्ये जाहीर झालेल्या 'केनेटिव्ह' या मुक्त प्रणालीचीही रीत तीच. त्यामुळे क्लाउड रनवर चालणारा कंटेनर पुढे स्वतःच्या सर्व्हरवर न्यायचा झाला, तर आज्ञावलीत फारसा बदल करावा लागत नाही. पुरवठादाराने दर वाढवले तर ही सोय फार मोलाची ठरते.

काम नसताना कंटेनर बंद असतो, म्हणून पहिल्या विनंतीला थोडा विलंब होतो. यावर 'फिशन' या मुक्त प्रणालीने चांगली युक्ती योजली आहे: ती काही कोरे कंटेनर आधीच चालू ठेवते आणि हाक येताच त्यांपैकी एकात आज्ञावली भरते. पुण्याच्या इन्फ्राक्लाउड या कंपनीतील अभियंत्यांचा तिच्या विकासात वाटा आहे. तथापि केनेटिव्ह काय किंवा फिशन काय, दोन्हींना खाली 'कुबरनेटीस' ही यंत्रणा अखंड चालू लागते. ज्या संस्थेपाशी ती मुळातच आहे तिला हे परवडेल. नेपियर टाउनच्या वकिलाला मात्र वाडा राखण्याचा जुनाच खर्च पुन्हा अंगावर घ्यावा लागेल. त्याच्या संदेशांना क्षणभराचा विलंब मुळीच बाधत नाही. त्याने क्लाउड रनचा मार्ग धरावा हे उत्तम.

या कार्यालयाला उद्या जुन्या दप्तरातील हजारो पाने रात्रभर वाचून घ्यायची असतील, तर हिशेब बदलतो. लॅम्डा एका हाकेला पंधरा मिनिटांहून अधिक वेळ देत नाही, क्लाउड रन एका विनंतीला एक तास देते. तेव्हा पानांचे लहान गठ्ठे पाडावेत, नाहीतर तोच कंटेनर भाड्याच्या साध्या सर्व्हरवर त्या रात्रीपुरता चालवावा.