शॉक नाही, जादूही नाही: कर्करोगाच्या पेशी, विद्युत क्षेत्र आणि गणित

ग्लायोब्लास्टोमा ही मेंदूची घातक गाठ. तिच्यावर विद्युत क्षेत्राचा उपचार करतात म्हटलं की लोकांना वाटतं, शॉक देऊन पेशी जाळतात. हे साफ चूक. क्षेत्र असतं दर सेंटीमीटरला १ ते ३ व्होल्ट, आणि ते सेकंदाला २ लाख आवर्तनं करतं. एवढ्या वेगापुढे मज्जातंतू उत्तेजितच होत नाहीत. त्रास होतो तो मुख्यतः मुंडण केलेल्या डोक्यावर चिकटवलेल्या पट्ट्यांखालच्या त्वचेला.

दुसरा समज : या क्षेत्राने पेशीपटलाला भोकं पडतात. हिशोब करून बघा. पटलावर पडणारा विद्युत दाब म्हणजे साधारण दीड गुणिले क्षेत्र गुणिले पेशीची त्रिज्या. त्रिज्या १० मायक्रोमीटर आणि क्षेत्र सेंटीमीटरला १ व्होल्ट धरलं, तर उत्तर जेमतेम दीड मिलिव्होल्ट. भोकं पाडायला शेकडो मिलिव्होल्ट लागतात. तो उपचार, इलेक्ट्रोपोरेशन, वेगळाच.

मग या क्षेत्रात कर्करोगाच्या पेशींचं विभाजन का अडखळतं? इस्रायलच्या योराम पाल्टी यांच्या गटाने २००४ साली प्रयोग प्रसिद्ध केले, तेव्हापासून एक खुलासा सर्रास सांगितला जातो : क्षेत्र विभाजनाला लागणाऱ्या ट्यूब्युलिन प्रथिनाचे रेणू फिरवतं. गणित इथे आडवं येतं. शरीराच्या उष्णतेने रेणूंची जी धडपड चालते, तिच्या ऊर्जेच्या हजाराव्या भागाइतकाही जोर १ व्होल्टच्या क्षेत्राचा त्या रेणूवर चालत नाही. विभागणाऱ्या पेशीच्या चिंचोळ्या कमरेशी क्षेत्र एकवटतं, हे मात्र मॉडेलमध्ये स्पष्ट दिसतं. तेवढंच पुरेसं आहे का, यावर वाद चालू आहे. मला हा वाद मोलाचा वाटतो, कारण सोयीचा खुलासा तपासल्याशिवाय मान्य करायचा नसतो.

डोक्यात क्षेत्र सगळीकडे सारखं पसरतं, हेही खरं नाही. कवटीतून वीज कमी वाहते, मेंदूभोवतीच्या द्रवातून भरपूर. म्हणून एमआरआयवरून डोक्याचे लाखो बारीक तुकडे कल्पून प्रत्येकातलं क्षेत्र संगणकावर काढतात आणि पट्ट्यांच्या जागा ठरवायला त्याचा उपयोग करतात.

पण मॉडेल म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा ६९५ रुग्णांच्या चाचणीतून आला : केवळ टेमोझोलोमाइड हे औषध घेणाऱ्यांचं मध्यक आयुर्मान १६ महिने, सोबत विद्युत क्षेत्र घेणाऱ्यांचं २०.९. चाचणीत नकली यंत्र वापरलेलं नव्हतं, हा आक्षेप रास्त आहे. फायदा खरा, पण हा आजार बरा करणारा उपाय नाही.

घरातल्या कुणाला हा उपचार सुचवला, तर डॉक्टरांना खर्च विचाराच. आणि दिवसाचे १८ तास डोक्यावर पट्ट्या आणि सोबत यंत्र बाळगणं रुग्णाला झेपेल का, हेही विचारा.