पायऱ्या मोजून घेतलेली खोली

आईचा उजवा गुडघा एका दमात वीसच्या वर पायऱ्या चढू देत नाही. ग्रीसला जायचं नक्की झालं त्या रात्री ताईने नवीन वही काढली आणि पहिल्या पानावर लिहिलं, ‘पायऱ्या – २०’. त्याखाली, ‘खोली – रात्रीचे ६० युरो, तिघींत’. निळे घुमट आणि सूर्यास्त वगैरे नंतर. २०२५च्या जानेवारीत, ठाण्याच्या घरी जेवणाच्या टेबलावर, आमचं जागा शोधण्याचं काम असं सुरू झालं.

ग्रीसची बेटं म्हटलं की आधी सांतोरिनी डोळ्यांपुढे येतं. आमच्याही आलं. पण तिथली ती पांढरी घरं म्हणजे ज्वालामुखीच्या कड्यावर एकाखाली एक टांगलेल्या खोल्या. रस्त्यावरून खोलीत जायचं तेच मुळी पायऱ्या उतरून. भाडंही खोलीचं कमी आणि समोरच्या देखाव्याचं जास्त. तरी मोह सुटेना. कड्यापासून दूर, आतल्या गावातली एक खोली ताईने राखून ठेवली, रद्द केली तर पैसे परत या अटीवर. जानेवारी संपता संपता सांतोरिनी आणि आमोर्गोस या बेटांच्या मधल्या समुद्रात भूकंपाचे धक्के सुरू झाले. १० फेब्रुवारीला ५.३ तीव्रतेचा धक्का बसला. हजारो माणसं बोटींनी, विमानांनी बेट सोडून गेली. हंगाम तोंडावर आलेला आणि हॉटेलांवर पोट असलेली ती माणसं सामान घेऊन बंदराच्या धक्क्यावर उभी, हे बातम्यांत बघवत नव्हतं. आम्ही खोली सोडली. आमचा एक पैसा गेला नाही.

पैसे परत मिळणारा दर थोडा चढा असतो, पण भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्याने तो खर्चात धरूनच चालावं. शेंगेन व्हिसाच्या अर्जाला राहण्याच्या जागेचे कागद आधी जोडावे लागतात. व्हिसा मिळतो की नाही ते मागाहून कळतं. व्हिसाचे ९० युरो काही परत येत नाहीत. निदान खोलीचे तरी यावेत.

मग आम्ही नाक्सोसकडे वळलो. किक्लादीस समूहातलं हे सगळ्यात मोठं बेट. मधोमध झास नावाचा हजार मीटर उंचीचा डोंगर, त्याच्या अंगाखांद्यावर गावं, खाली बटाट्याची शेतं. नाक्सोसचा बटाटा आणि ग्राव्हिएरा नावाचं चीज ग्रीसभर जातं. मला या बेटाची ओढ लागली ती इथेच. पाहुणे आले नाहीत तरी या बेटाची चूल पेटते. बेकरी, भाजीवाला, औषधाचं दुकान हे सगळं तिथल्या लोकांसाठी वर्षभर उघडं असतं, आणि जिथे गावकरी खरेदी करतात तिथे दर गावकऱ्यांना परवडेल असेच राहतात. स्वस्त हॉटेल शोधण्याआधी असं बेट शोधावं, असं माझं आता ठाम मत आहे.

बेट ठरलं तरी जागा ठरायची होती. नाक्सोसचं मुख्य गाव खोरा, बंदराला लागून. त्याच्या डोक्यावर कास्त्रो, म्हणजे जुना किल्ला. १२०७च्या सुमारास व्हेनिसच्या मार्को सानुदोने बेट घेतलं आणि इथे आपली गादी थाटली. किल्ल्याच्या पोटातल्या गल्ल्यांमध्ये एक खोली दिसली. दगडी कमान, बोगनवेल, ५२ युरो. नकाशावर बंदरापासून चारशे मीटर. मी तर भरलेच पैसे मनातल्या मनात.

ताई म्हणाली, “थांब, नकाशा सपाट असतो.”

तिने रस्त्यांचे फोटो दाखवणारा नकाशा उघडला आणि बंदरापासून बाणावर बोट ठेवत एकेक पाऊल पुढे सरकत गेली. गल्ली अरुंद झाली, कमानीखाली अंधार आला, मग चढ लागला. प्रत्येक पायरीच्या कडेला चुन्याची पांढरी रेघ मारलेली होती. त्या रेघा आम्ही पडद्यावर पेन्सिल टेकवून मोजल्या. त्रेचाळीस झाल्या आणि पुढे फोटोच संपले. राहून गेलेल्यांचे अभिप्राय पुन्हा वाचले, तेव्हा ‘सामान कमी न्या’ हे वाक्य तीन जणांनी लिहिलेलं दिसलं. आधी आम्ही ते वाचूनही वाचलं नव्हतं. अभिप्राय वाचायची एक पद्धत मी तेव्हा शिकले. कौतुक सगळं सारखंच असतं, ते सोडून द्यावं. गाद्या, पायऱ्या, गरम पाणी आणि रात्रीचा आवाज याबद्दल दोन अनोळखी माणसं एकच गोष्ट सांगत असतील तर ती खरी धरावी.

दुसरी जागा आयिया आन्नाच्या किनाऱ्यावर, खोरापासून सहा-सात किलोमीटरवर. ४६ युरो, दारात वाळू. आई लगेच म्हणाली, “हीच घ्या, बारा युरो वाचतायत.” कारण तिसरी जागा ५८ची होती. खोराच्या दक्षिणेला आयिओस गेओर्गिओसचा किनारा आहे, त्याच्या मागच्या गल्लीतलं घरगुती हॉटेल, तळमजला. ताईने वहीत हिशेब मांडला. आयिया आन्नाहून गावात यायला बस, माणशी दोन युरोंच्या आसपास. तिघी, जाऊन-येऊन: बारा युरो. वाचलेले बारा तिथेच संपले. शिवाय मे महिन्यात उन्हाळ्याचं पूर्ण वेळापत्रक सुरू झालेलं नसतं. संध्याकाळची बस चुकली की टॅक्सी. आईने वही ओढून घेतली, स्वतः बेरीज केली आणि चष्मा काढून म्हणाली, “गावातलीच घ्या.”

तारखांचं गणित सोपं नव्हतं. ऑगस्टमध्ये तीच खोली दुपटीहून महाग होती, कारण १५ ऑगस्टला मेरीमातेचा मोठा सण असतो आणि निम्मं अथेन्स बेटांवर येतं. ऑक्टोबर सरला की बरीचशी हॉटेलं दारं लावून घेतात. मे-जून आणि सप्टेंबर हा मधला काळ आपल्यासारख्यांचा. पण त्यातही एक मेख आहे. ग्रीसचा ईस्टर दरवर्षी हलतो आणि त्याच्यापासून पन्नास दिवसांनी येणाऱ्या सोमवारी सुट्टी असते. २०२५मध्ये ती ९ जूनला होती. जोडून सुट्टी म्हणजे बोटी भरलेल्या, भाडी चढलेली. आम्ही २६ मे ते ३ जून घेतलं आणि त्या गर्दीच्या आधी बाहेर पडलो. समुद्राचं पाणी तेव्हा गार असतं, पण आईला पाय बुडवायचे होते, पोहायचं नव्हतं.

भाड्याखेरीज आणखी एक आकडा वहीत लिहिणं भाग आहे, कारण तो हॉटेलात पोहोचल्यावर हाती पडतो. हवामान-संकटाच्या नावाने सरकार दर खोलीमागे दर रात्री कर घेतं. २०२५पासून एप्रिल ते ऑक्टोबरमध्ये एक-दोन तारांकित हॉटेलाला २ युरो, तीन तारांकितला ५, चारला १०, पाचला १५. ऑनलाइन मिळणाऱ्या अल्प मुदतीच्या भाड्याच्या फ्लॅटला ८. तीन तारांकित हॉटेल ५५ला मिळतंय म्हणून दोन तारांकित ५८चं सोडलं, तर दोन्हीकडे साठच भरायचे. आमचं हॉटेल दोन ताऱ्यांचं. आठ रात्रींचे ४६४ आणि कराचे १६, एकूण ४८०. तिघींत माणशी रात्रीचे २० युरो. तेव्हाच्या दराने साधारण एकोणीसशे रुपये. सुट्टीत महाबळेश्वरला आम्ही याहून जास्त दिले आहेत.

राखण्याआधी मी हॉटेलला थेट पत्र लिहिलं. हे काम कुणीच टाळू नये. घरगुती हॉटेलात पत्र वाचणारी बाई आणि चादरी बदलणारी बाई बहुतेक एकच असते, आणि तिला नेमका प्रश्न विचारला की नेमकं उत्तर येतं. मी चार गोष्टी विचारल्या: रस्त्यापासून पलंगापर्यंत पायऱ्या किती, न्हाणीघराचा उंबरठा केवढा, तिसरा पलंग खरा की घडीचा, आणि चुलीवर दोन भांडी मावतात का. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. पायऱ्या दोन. उंबरठा चार बोटं. तिसरा पलंग घडीचा, पण खोली बदलून देते, तीन खरे पलंग आहेत तिथे. चुलीचा तर तिने फोटोच पाठवला होता, वर दोन पातेली ठेवून.

२५ मेच्या रात्री आम्ही पिरेअसला मुक्काम केला. २०२२पासून अथेन्सच्या विमानतळावरून मेट्रो थेट पिरेअसच्या बंदरापर्यंत जाते, ९ युरोंत. सकाळची मोठी संथ बोट घेतली. वेगवान बोटी तासभराहून जास्त वेळ वाचवतात, पण महाग असतात, वारा सुटला की आधी त्याच थांबतात. पाच तासांनी पारोस बेट मागे पडलं आणि नाक्सोसचा तो संगमरवरी दरवाजा दिसला, पोर्तारा. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात अपोलोचं देऊळ बांधायला घेतलं, ते पुरं झालं नाही. चौकट तेवढी उरली, आरपार आभाळ. आई कठड्याला धरून उभी होती. “देऊळ नाही झालं तरी दार आहे हो,” म्हणाली आणि तिने हात जोडले.

धक्क्यावर पाट्या घेऊन माणसं उभी होती. ग्रीकमध्ये भाड्याच्या खोल्यांना ‘दोमातिया’ म्हणतात. पूर्वी बोट लागली की मालकिणी हाच शब्द पुकारत प्रवाशांना घरी नेत. आता बहुतेक पाट्यांवर आधीच ठरलेल्या पाहुण्यांची नावं असतात. आमची पाटी धरून मालकीणबाईंचा मुलगा आला होता. गाडीचं भाडं नाही.

खोली फोटोपेक्षा लहान आणि फोटोपेक्षा स्वच्छ. पांढरी भिंत, निळी झडप, संगमरवराचा ओटा. या बेटावर संगमरवर इतका निघतो की मोरीच्या कट्ट्यालाही तोच. ओट्यावर विजेच्या दोन चकत्या, एक पातेलं, एक तवा, आणि लांब दांड्याचं पितळी ‘ब्रीकी’, ग्रीक कॉफी उकळायचं. आईने ते उचललं, तळ पाहिला आणि त्याच क्षणी त्याला चहाचं भांडं करून टाकलं. न्हाणीघरात टोपली आणि वर सूचना: कागद शौचकुपात टाकू नये. ग्रीसमध्ये सांडपाण्याचे नळ अरुंद असल्याने जवळजवळ सगळीकडे हा नियम आहे. गरम पाणी गच्चीवरच्या सौरबंबाचं. सूर्य कलल्यावर अंघोळ केली तर मनसोक्त, पहाटे उठून केली तर कोमट. आई पहाटेची. पहिल्या दिवशी तिला कोमटावर भागवावं लागलं, मग मालकीणबाईंनी येऊन भिंतीवरचं बटण दाखवलं. ते वीस मिनिटं आधी लावायचं.

खर्च खरा आटोक्यात राहिला तो त्या दोन चकत्यांमुळे. पोहे, मुगाची डाळ, तांदूळ, गोडा मसाला आम्ही नेला होता. तूप आणि पेढे घरीच ठेवले, कारण युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. ताजा कढीपत्ताही नाही. सकाळी पोहे. दुपारी बेकरीतली पालकाची ‘स्पानाकोपिता’. रात्री एक दिवस खोलीत, एक दिवस खानावळीत. शाकाहारी माणसाने तिथे एक शब्द पाठ करावा: ‘निस्तिसिमो’, म्हणजे उपासाला चालणारं. ग्रीक चर्चच्या उपासात मांस, अंडी, दूध वर्ज्य असतं, त्यामुळे शेंगदाणा-साबुदाण्याऐवजी भात भरलेले टोमॅटो, मोठ्या पांढऱ्या शेंगबिया, वाटलेल्या पिवळ्या डाळीचा ‘फावा’ असं सगळं ताटात येतं. फावा पहिल्यांदा खाल्ला तेव्हा आई घास तोंडात धरून थांबली. “अगं, वरणच आहे, फोडणीवाचून.” दुसऱ्या दिवशी तिने नाक्सोसच्या बटाट्याची भाजी केली, मोहरी-हिंगाची फोडणी ऑलिव्हच्या तेलात. वास अंगणात गेला. मालकीणबाई दारात आल्या, पातेल्यात डोकावल्या आणि स्वतःच्या बटाट्याचं काय झालं ते बघून एक फोड उचलून खाल्ली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. फोडणी कशी करायची हे आईने त्यांना हातांनी शिकवलं.

परतीचा मुक्काम आम्ही मुद्दाम ३ जूनला पिरेअसलाच ठेवला, विमान दुसऱ्या दिवशी. वारा फार वाढला की बंदरखातं बोटी थांबवतं. बोट कंपनी तिकिटाचे पैसे देते किंवा दुसरी बोट देते. चुकलेल्या विमानाचे पैसे कुणी देत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेचा ‘मेल्तेमी’ वारा दिवसचे दिवस घोंगावतो. आम्हाला समुद्र शांत मिळाला, तरी ती एक रात्र मी पुन्हाही राखेन.

निघायच्या सकाळी मालकीणबाईंनी लिंबांची पिशवी आईच्या हातात दिली आणि टेबलाच्या खणातून जाड वही काढली. रेघा मारून आठवड्यांचे चौकोन केलेले होते, खोली क्रमांक डावीकडे. पुढच्या वेळी मधल्या कंपनीकडून येऊ नका, म्हणाल्या. तिचं कमिशन वाचतं, रात्रीचे पन्नास घेईन. मुलाने भाषांतर केलं. ताईने माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे. आई म्हणाली, “सप्टेंबर बरा. पाणी कोमट असेल.” बाईंनी २०२६चा सप्टेंबर उघडला, तळमजल्याच्या चौकोनात पेन्सिलीने ‘इंदिया, ३’ लिहिलं, आणि विमानाचं तिकीट काढलं की कळवा, मग पेनाने गिरवते, म्हणाल्या.