मदतीचा पैसा आणि हिशेबाची वही

कारखाना बंद पडला म्हणजे सरकारी मदत कामगाराच्या हाती द्यावी की मालकाच्या, हा वाद आम्हां युनियनवाल्यांना नवा नाही. करोनाच्या साथीत अमेरिकेने तो फार मोठ्या प्रमाणावर अनुभवला.

२७ मार्च २०२० रोजी तिथे सुमारे २ लाख २० हजार कोटी डॉलरच्या मदतीचा कायदा झाला. त्यात बेकाराला नेहमीच्या भत्त्यावर आठवड्याला ६०० डॉलर जादा मिळाले, तेही जुलैअखेरपर्यंतच. लहान धंदेवाल्यांना बँकांमार्फत कर्ज मिळाले. त्यातले पाऊण पैसे पगारावर खर्चले की कर्ज माफ! जूनमध्ये ही अटही साठ टक्क्यांवर उतरली.

कर्जाचे पहिले ३४,९०० कोटी डॉलर पंधरवड्यात संपले. लॉस एंजेलिसच्या लेकर्स या धनाढ्य बास्केटबॉल संघालाही त्यातले सुमारे ४६ लाख मिळाले. बोभाटा झाल्यावर त्यांनी ते परत केले. (लहान धंदा म्हणतात तो हा!) देखरेख समितीच्या प्रमुखपदी नेमलेले ग्लेन फाइन यांना अध्यक्ष ट्रम्प यांनी एप्रिलच्या आरंभीच बाजूला सारले. डेमोक्रॅट पक्षाने गिल्ला केला. सरकार पक्षाचे म्हणणे असे, की कागद तपासत बसलो तर दुकाने तोवर बुडतील. यात तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही.

पण कर्जदारांची नावे का लपवली? अर्थमंत्र्यांनी ती गुप्त ठरवली होती. वर्तमानपत्रे कोर्टात गेली, तेव्हा डिसेंबरात पूर्ण यादी बाहेर आली. ती पहिल्याच दिवशी लागली असती, तर मालकाने आपल्या पगाराच्या नावावर काय उचलले ते प्रत्येक कामगाराने वाचले असते. याहून स्वस्त तपासनीस कोणता?

पुढे अर्थतज्ज्ञांच्या एका अभ्यासात दिसले, की एरवी नोकरी गेली असती अशा कामगारांपर्यंत या कर्जातला २३ ते ३४ टक्केच पैसा पोहोचला. बाकीचा मालक, भागीदार आणि त्यांच्या देणेकऱ्यांकडे गेला. २०२३ साली सरकारी महानिरीक्षकाने हे कर्ज आणि आपत्ती-कर्ज मिळून २०,००० कोटींहून अधिक रक्कम लबाडीची असावी असे म्हटले. खुद्द खाते सुमारे ३,६०० कोटीच मानते.

बेकार भत्त्यातही टोळ्यांनी हात मारला, सरकारी अंदाजाने १०,००० ते १३,५०० कोटींचा. मात्र २०२१ च्या उन्हाळ्यात, लोक कामावर येत नाहीत अशी तक्रार करून, निम्म्याच्या आसपास राज्यांनी तेव्हाचा ३०० डॉलरचा जादा भत्ता मुदतीआधीच तोडला. कित्येक प्रामाणिक बेकारांना तर चुकून जादा गेलेले पैसे परत करा म्हणून नोटिसा आल्या. तोवर मालकांची बहुतेक कर्जे माफ झाली होती किंवा होण्याच्या वाटेवर होती.