थायरॉईडचा कर्करोग : रोबोटिक आणि खुली शस्त्रक्रिया

थायरॉईड म्हणजेच अवटू ग्रंथी मानेच्या पुढच्या बाजूस, श्वासनलिकेला बिलगून असते. तिच्या मागच्या अंगाने स्वरयंत्राकडे जाणाऱ्या दोन नाजूक नसा वर चढतात आणि पाठीशी मसुरीच्या दाण्याएवढ्या, बहुधा चार, पॅराथायरॉईड ग्रंथी असतात. नसेला इजा झाली तर आवाज घोगरा होतो. पॅराथायरॉईड निकामी झाल्या तर रक्तातील कॅल्शियम घटून हातापायांत मुंग्या व पेटके येतात. अवटू ग्रंथीवरील शस्त्रक्रिया कोणत्याही पद्धतीची असो, तिची खरी परीक्षा या दोन ठिकाणी होते.

खुल्या शस्त्रक्रियेला आजचे रूप देण्याचे मोठे श्रेय स्वित्झर्लंडमधील बर्नचे शल्यविशारद थिओडोर कोखर यांना जाते. एकेकाळी या शस्त्रक्रियेत रक्तस्रावाने व जंतुसंसर्गाने रुग्ण दगावत असत. कोखर यांनी निर्जंतुक पद्धत व रक्तवाहिन्या एकेक करून बांधण्याची शिस्त आणली, तेव्हा मृत्यूचे प्रमाण शेकडा एकाच्याही खाली आले. 1909 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मानेच्या तळाशी, त्वचेच्या वळीत काही सेंटिमीटरचा आडवा छेद घेऊन थेट ग्रंथीपर्यंत पोहोचणे ही त्यांची वाट आजही रुळलेली आहे. तिचा एक दोष मात्र उघड आहे. व्रण मानेवर, सर्वांना दिसेल असा राहतो.

रोबोटिक पद्धतीचा जन्म या व्रणातून झाला. 2007 साली दक्षिण कोरियातील सोलच्या योन्से विद्यापीठात शल्यविशारदांनी दा विंची या यंत्राच्या साहाय्याने काखेतून थायरॉईड काढण्यास सुरुवात केली. रोबोट हा शब्द येथे थोडा फसवा आहे, कारण यंत्र स्वतःहून काहीच करत नाही. शल्यविशारद काही अंतरावर बसून, मोठे केलेले त्रिमितीय चित्र पाहत यंत्राचे हात चालवतो. चित्र स्पष्ट असते आणि हाताचा सूक्ष्म कंप गाळला जातो. पण काखेतून मानेपर्यंत पोहोचण्यासाठी छातीच्या स्नायूवरून व गळपट्टीच्या हाडावरून त्वचा सोडवत न्यावी लागते. शरीराबाहेरून दिसणारी जखम लपते, आतली जखम मात्र वाढते. ‘कमी छेदाची शस्त्रक्रिया’ हे वर्णन म्हणूनच येथे पुरते लागू पडत नाही.

दोहोंच्या तुलनेवर पुष्कळ अभ्यास झाले आहेत. लहान आकाराच्या, कमी धोक्याच्या पॅपिलरी कर्करोगात आवाजाची इजा, कॅल्शियमची घट व रोग उलटण्याचे प्रमाण यांत दोन्ही पद्धतींत फारसा फरक आढळत नाही. व्रणाबाबतचे समाधान रोबोटिक गटात स्पष्टपणे अधिक असते. उलट वेळ व खर्च जास्त लागतो, आणि काढलेल्या लसिका गाठींची संख्या काही अभ्यासांत कमी भरते.

मात्र हे निष्कर्ष वाचताना रुग्ण कोणत्या गटात कसे गेले, हे पाहणे आवश्यक ठरते. बहुतेक अभ्यासांत चिठ्ठ्या टाकून वाटणी झालेली नाही. रोबोटिक गटात तरुण, सडपातळ व लहान गाठीच्या स्त्रियांचे प्रमाण जास्त असते. कोरियात या शस्त्रक्रियेचा खर्च रुग्णाने स्वतः सोसायचा असल्याने ऐपतीचाही प्रश्न येतो. अशा गटात निकाल चांगला लागला तर त्याचे श्रेय यंत्राला किती आणि रुग्णनिवडीला किती, हे वेगळे काढणे सोपे नाही. महाविद्यालयात संशोधनपद्धती शिकवणाऱ्यांना यापेक्षा बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

अमेरिकेचा अनुभव हीच गोष्ट दुसऱ्या अंगाने दाखवतो. तेथील रुग्ण सरासरीने अधिक स्थूल आणि गाठी मोठ्या. हात वर बांधून ठेवल्याने खांद्यापासून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंना ताण बसणे, अशा खुल्या शस्त्रक्रियेत सहसा न दिसणाऱ्या गुंतागुंती तेथे नोंदल्या गेल्या. 2011 साली यंत्र बनवणाऱ्या कंपनीने थायरॉईडसाठीचे आपले पाठबळ काढून घेतले. अमेरिकन थायरॉईड असोसिएशननेही 2016 च्या निवेदनात ही पद्धत काटेकोरपणे निवडलेल्या थोड्या रुग्णांपुरती व अनुभवी हातांपुरतीच ठेवली.

अनुभवी म्हणजे किती? अमेरिकेतील सुमारे 17 हजार रुग्णांच्या नोंदींवर 2017 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, वर्षाला 25 पेक्षा जास्त संपूर्ण थायरॉईड शस्त्रक्रिया करणाऱ्यांकडे गुंतागुंत कमी होते. धक्कादायक बाब म्हणजे त्यातील निम्म्याहून अधिक शल्यविशारद वर्षाला एकच अशी शस्त्रक्रिया करत होते! रुग्णाने रुग्णालयात पहिला प्रश्न यंत्राविषयी नव्हे, तर या आकड्याविषयी विचारावा.

कोरियात ही पद्धत इतकी फोफावली, त्यामागे आणखी एक कारण होते. तपासणी शिबिरांत मानेची सोनोग्राफी अल्प दरात होऊ लागली आणि 1993 ते 2011 या काळात थायरॉईड कर्करोगाच्या निदानाचे प्रमाण सुमारे 15 पट झाले. मृत्यूचे प्रमाण मात्र जवळजवळ तेच राहिले. म्हणजे सापडलेल्या बहुसंख्य गाठी जिवावर उठणाऱ्या नव्हत्याच. 2014 साली तेथील डॉक्टरांच्या एका गटाने याविरुद्ध जाहीर इशारा दिला, तेव्हा एका वर्षात शस्त्रक्रियांची संख्या सुमारे 35 टक्क्यांनी उतरली.

यामुळे तुलनेत तिसरा पर्याय येतो, तो म्हणजे शस्त्रक्रिया न करता लक्ष ठेवण्याचा. जपानमधील कोबेच्या कुमा रुग्णालयात 1993 पासून एक सेंटिमीटरपर्यंतच्या, कमी धोक्याच्या गाठींवर केवळ नियमित सोनोग्राफीने लक्ष ठेवले जाते. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या तेथील 1,235 रुग्णांच्या अभ्यासात 10 वर्षांत सुमारे 8 टक्के रुग्णांची गाठ 3 मिलिमीटर किंवा अधिक वाढली, सुमारे 4 टक्क्यांत लसिका गाठींत रोग दिसला, आणि थायरॉईडच्या कर्करोगाने कोणीही दगावले नाही. ज्यांची गाठ वाढली, त्यांच्यावर नंतर शस्त्रक्रिया झाली आणि त्यांचीही प्रकृती चांगली राहिली.